भट्टी निवेपर्यंत

बायको गेल्यावर तिचा कोट आणि चष्मा आणायला मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो, काम एवढंच होतं. दुपारची वेळ. तिचा सहकारी भट्टीपाशी उभा होता. तो मला दादा म्हणायचा, पण त्या दिवशी त्याची नजर माझ्या हातांवर होती.

कार्बनच्या भुकटीवर प्लॅटिनमचे अणू सुटे सुटे बसवायचे, म्हणजे प्रत्येक अणू कामाला लागतो, हे तिचं संशोधन. तापवलं की ते सरकतात, एकमेकांना बिलगून त्यांचे गोळे होतात. तिच्या हातून कधी झाले नाहीत. ती गेल्यापासून मात्र कुणालाच जमेना, आणि तिनं निकाल रचले असावेत अशी कुजबुज सुरू झाली. लवकर जमलं नाही तर तिचा शोधनिबंध मागे घेणार, असं त्यानं खाली बघत सांगितलं.

भट्टी निवेपर्यंत ती शेजारून उठत नसे. घरी जेवण गार व्हायचं. मी कुरकुरलो की म्हणायची, एकटं सोडलं की ही पोरं घाबरून एका कोपऱ्यात गोळा होतात.

तो फोन घ्यायला बाहेर गेला. मी तिच्या स्टुलावर बसलो. तापलेल्या धुळीचा वास येत होता. मग भट्टीच्या आतून आवाज आला... नखानं काच वाजवल्यासारखा. भुकटी खाली बसावी म्हणून ती काचेची कुपी तशीच वाजवायची. मी हललो नाही. करंगळीतली तिची अंगठी तेवढी एकदम गार लागली. प्लॅटिनमची. ती गेली त्या दिवशी मी घातली, नंतर साबण लावूनही निघेना.

संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर, काळोखात पांढरे ठिपके उमटले. सगळे एकेकटे. आता तिचा निबंध राहील, मी म्हणालो.

त्यानं आकडे पुन्हा तपासले.

“दादा, आज मी प्लॅटिनम घातलंच नव्हतं... नुसता कार्बन होता. यंत्र खोटं दाखवतं का, ते बघायचं होतं. पण मोजून पाहिलं. हे प्लॅटिनमच आहे.”

“मग?”

“खोलीत तुम्हीच होतात. खिसे दाखवता?”

रुमाल आणि तिचा चष्मा निघाला. त्यानं रुमाल झटकूनही पाहिला.

“मॅडमही असंच गुपचूप काहीतरी मिसळत असतील,” तो हळूच म्हणाला.

मी हात धुवायला बेसिनपाशी गेलो. पाणी लागताच अंगठी आपोआप घसरली. त्याला दाखवली असती, तर त्याचा संशयच पक्का झाला असता. मी ती मुठीत दडवली.

घरी येऊन उजेडात धरली. कागदासारखी पातळ झाली होती. कुणीतरी नखानं खरवडली होती... आतून, बोटाच्या बाजूनं.