एक वर्ष न् एक दिवस

"दोर किती हात देऊ?" मी विचारलं.

"साठ. पण कुनाचे हात?" गिऱ्हाईक म्हणालं. "तुमचे का माझे?"

मी मान वर केली. उंच, गोरा, तांबूस दाढीचा माणूस... आणि बोली अस्सल बिलोलीची!

"माझे. दुकान आमचं आहे."

"मग मला तोटा हाय."

"मग दुसरीकडे बघा."

"न्हाई... हितंच बरं हाय."

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं आणि पाऊस दोन वर्षं नव्हता. विहिरींचं पाणी खाली जाईल तसे आमच्या दुकानातले दोर लांबत होते. एरवी मी नव्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. रविवारी दुकानात वडिलांना, अप्पांना मदत करायची.

त्याचं नाव डोनल. बहात्तरच्या दुष्काळात आयर्लंडहून बोअर घ्यायला आला, तो बिलोलीतच राहिला. आता आमच्याकडच्या विहिरींची खोली मोजत होता.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर.

"मागचा दोर कुठं गेला?"

"हाय की. विहीर खोल झाली."

"आठ दिवसांत?"

"लई वाईट साल हाय, बाई."

हसू लपवायला मी दोराच्या वेटोळ्यावर वाकले.

मग प्रयोगशाळेत त्याच्या बाटल्या येऊ लागल्या. प्रत्येकीवर नीट अक्षरात चिठ्ठी: गाव, खोली, तारीख. एका बाटलीवर शेवटी लिहिलं होतं, 'शेरा: नीलम्मा, माझ्याशी लग्न करशील?'

मी ते पाणी तीनदा तपासलं. अहवालात लिहिलं, 'पिण्यास योग्य. आणि... हो.'

अप्पांना तयार व्हायला सहा महिने लागले. लग्न आपल्या रीतीनं, मठातल्या स्वामींच्या समोर, ही त्यांची अट. डोनलनं सगळं मान्य केलं. मागितलं एकच: त्याच्या आईनं विणून पाठवलेल्या हिरव्या लोकरीच्या दोरीनं आमचे हात एकत्र बांधायचे. त्यांच्याकडची फार जुनी रीत.

"आमच्यातबी गाठ मारत्यात की," अप्पा खूश झाले. "किती दिस टिकती तुमची?"

"जुन्या काळी एक वर्ष न् एक दिवस," डोनल म्हणाला. "मग दोघांनी ठरवायचं. ऱ्हायचं, का जायचं."

गप्प बसला असता तर चाललं असतं. पण त्याला ते जमत नाही.

अप्पा ताडकन उठले. "माझी लेक काय भाड्यानं न्यायची वस्तू हाय? मोडलं लग्न!"

मी त्यांच्या मागोमाग गोदामात गेले.

"अप्पा, मला ती अट आवडली."

"येडी झालीस?"

"आपली रत्नाअक्का देगलूरच्या सासरहून तीन वर्षं 'मला न्या' म्हणून निरोप धाडत होती. आपण दर वेळी म्हटलं, नांदून बघ. शेवटी एक पिशवी घेऊन ती एकटीच आली. परत येता येतं, हे तिला आपण कधी सांगितलं होतं?"

अप्पा सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.

"हा वर्षानं मला पुन्हा विचारणार आहे. आपल्यात एकदा तरी कुणी विचारतं का?"

त्यांनी सुतळी खाली ठेवली. मग बाहेर आले आणि डोनलला म्हणाले, "चहा घ्या, जावईबापू."

लग्नात अक्षता पडल्या, स्वामींनी आशीर्वाद दिला. डोनलनं हिरवी दोरी काढली. बांधायला त्याच्याकडचं कुणीच नव्हतं. अप्पा स्वतः पुढे झाले. आमच्या मनगटांवर त्यांनी सावकाश तीन वेढे घेतले आणि गाठ मारली. मग माझ्या कानाशी वाकले.

"ढिली मारलीय, पोरी. वर्ष-बिर्ष काय न्हाई. जवा वाटंल तवा हात काढ, न् घरी ये."

डोळे पुसत ते पाहुण्यांत मिसळले. मी हात जरासा हलवून पाहिला. खरंच, सहज निघाला असता.

"काय म्हनले?" डोनलनं हळूच विचारलं.

"गाठ ढिली आहे म्हणाले."

तो गोंधळला. "मग... आता?"

मी माझी बोटं त्याच्या बोटांत गुंतवली.

"आता काय, मलाच घट्ट धरून ठेवायला हवं."