मेन बंद असताना

चौतीस वर्षं वायरमन म्हणून काढली. वडूज-कोरेगावकडचे खांब माझ्या पायांना ठाऊक. नुसता मीटर बघून घरात काय काय चालू आहे ते सांगायचो. आणि आता सांगलीच्या विश्रामबागेत स्वतःचं घर घेतलं, तर त्याला हा प्रीपेड मीटर. आधी रिचार्ज, मग उजेड. 'शिल्लक कमी आहे' असा मेसेज आला की माझं डोकंच फिरायचं.

घर घेतलं ते बायकोसाठी, हरणाबाईसाठी. तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि झोपच उडाली. डोळा लागला तर परत उघडायचा नाही, ही भीती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "झोप आली नाही तर हे हृदय फार दिवस साथ देणार नाही." म्हणून दवाखान्याजवळचं हे बैठं घर.

आणि गुण आला. राहायला आलो त्याच आठवड्यात ती दुपारचं जेवण उरकून आतल्या खोलीत जायला लागली. दार लोटून घ्यायची. मी पडवीत मीटरखाली खाट टाकून पडायचो. अंगणात कडुलिंबाची सावली सरकत असायची, रस्ता गप्प, आणि दाराआडून श्वास ऐकू यायचा. संथ, खोल. ऐकता ऐकता मलाही गुंगी यायची. सहा महिन्यांनी बायको झोपत होती, आणखी काय पाहिजे होतं मला?

फक्त युनिट जुळेनात. रोज दुपारी एकपासून पाच वाजेपर्यंत ते पडत राहायचे, आणि त्या वेळात घरात पंखासुद्धा चालू नसायचा. ऑपरेशनपासून तिला वारं सोसत नव्हतं. मला, वायरमनला, हे डबडं येडं बनवणार?

सिद्धूला बोलावलं. माझ्या हाताखाली शिकलेला, आता सांगलीतच वायरिंगची कामं घेतो. त्यानं भिंतीन् भिंत तपासली.

"अण्णा, गळती कुठंच न्हाई. मीटरबी ठणठणीत हाय."

"मग युनिट काय उंदरं खात्यात व्हय रं?"

तो हसला नाही. "दुपारचं मेन पाडून बघा," म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी ती आत गेल्यावर मी मेन पाडला. वीज वापरात नसली की मीटरचा लाल दिवा लुकलुकत नाही. हे शेंबडं पोरही सांगेल.

दिवा लुकलुकत होता.

घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा. परत मोजलं, चौदाच. मग दाराआडचा श्वास कानावर आला. श्वास आत गेला की दिवा पेटायचा, बाहेर आला की विझायचा.

खरं सांगतो, मी घाबरलो. शिल्लक संपून हा दिवा थांबला तर हरणाचं काय होईल? तिथल्या तिथं मोबाईल काढून रिचार्ज मारला. हिच्या श्वासाला काही कमी पडायला नको.

तेवढ्यात दार उघडलं.

हरणाबाई उंबऱ्यावर उभी होती. डोळे खोल गेलेले. केसाची एक बटसुद्धा विस्कटलेली नव्हती.

दिवा तसाच लुकलुकत होता.

"उठलीस व्हय? ये, च्या टाकतो."

"हळू बोला," ती कुजबुजली. उंबऱ्याच्या पुढं पाऊल टाकेना. "आत्ता कुठं डोळा लागलाय."

"कुणाचा?"

तिनं मागं वळून खोलीत बघितलं.

"हरणे, तू झोपली हुतीस न्हवं?"

"आवं, या घरात आल्यापास्नं मी कवा झोपलेय? दुपारभर थोपटाय लागतंय."

तिच्या खांद्यावरचा पदर मागं, खोलीतल्या अंधारात गेला होता. ताणलेला. दिवा पेटला की तो हलकेच ओढला जायचा, विझला की सैल पडायचा.