अर्धा खडक

गंगापूर धरणाच्या फुगवट्याला एक कोपरा आहे. बाभळींच्या आड एक सपाट काळा खडक, खाली संथ पाणी, आणि पलीकडे डोंगरावर सदा टेकलेले ढग. रविवारी सकाळी तिथं सायलीशिवाय कुणी फिरकत नसे. मखमलाबादला तिच्या घरची फुलशेती. आठवडाभर झेंडूची तोडणी, पहाटेचा बाजार, व्यापाऱ्यांचे फोन, भावजयीची पोरं, पाहुणेरावळे... नुसता कालवा. रविवारची सकाळ तेवढी तिची. पाण्यात गळ सोडायचा आणि दोन-तीन तास कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही, असा तिचा नेम होता.

आखाडातल्या पहिल्याच रविवारी या नेमाचे बारा वाजले. एक छोटा हत्ती टेम्पो धडधडत काठापर्यंत आला आणि त्यातून माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. दहा-अकरा जण, दोन सतरंज्या, शेगडी, भेळेचं पातेलं आणि या सगळ्यांवर हुकूम सोडणारी नऊवारीतली एक म्हातारी. पाच मिनिटांत काठावर जत्रा भरली. पाण्यातले मासे पार पलीकडच्या तीराला गेले असणार, असं मनात म्हणत सायलीनं दातओठ खाल्ले.

तेवढ्यात त्या जत्रेतून एक उंच, सावळा तरुण चिखल चुकवत तिच्याकडे आला. त्याच्या तोंडात 'ताई' यायला लागलं होतं. पण तिच्याकडे नीट पाहिल्यावर त्यानं तो शब्द तसाच गिळला.

"ते... तुमच्याकडं गळाला लावायला काही मिळंल का? आमचं आमिष घरी राहिलं."

सायलीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या शेगडीकडे.

"मासे धरायला आलात की बारशाला?"

"आमच्याकडं दोन्हीला तेवढीच माणसं येतात," तो म्हणाला आणि असा काही मोकळा हसला, की तिनं रागाच्या भरात आपल्या आमिषाचा अर्धा गोळा तोडून त्याच्या हातावर ठेवला. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र मळलेला तो गोळा त्यानं हुंगून पाहिला, वास बरा आहे म्हणाला आणि गेला.

त्याचं नाव कुंदन. आडगावचा, म्हणजे नाशिकच्या थेट दुसऱ्या टोकाचा. घरचा भाजीपाला होता, शिवाय हायवेला त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान होतं. ही सगळी माहिती सायलीला न विचारताच मिळाली. कारण ती मंडळी एकमेकांशी बोलत ती अख्ख्या धरणाला ऐकू जाईल अशीच.

परतताना गिरणारे रस्त्यावर तिला पुन्हा तोच छोटा हत्ती दिसला. मासळी विकायला बसलेल्या बाईसमोर तो उभा होता आणि नऊवारीतली म्हातारी, म्हणजे कुंदनची आत्या धोंडाबाई, एका मोठ्या रोहूसाठी घासाघीस करत होती. मागे बसलेल्यांत हा मासा कुणी धरला म्हणून सांगायचं यावर वाद चालला होता. सायलीनं मुद्दाम स्कूटी थांबवली. कुंदन कानापर्यंत लाल झाला.

"कुणाच्या गळाला लागला मग?" तिनं साळसूदपणे विचारलं.

उत्तर धोंडाबाईनं दिलं. "पोरी, मासा पाण्यातला असला म्हंजे झालं. पानी कोनाचं का असंना."

सायली घरापर्यंत एकटीच हसत गेली. असं हसू तिला बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती मंडळी पुन्हा हजर. आमिष पुन्हा घरीच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. आता एकदा विसरणं समजू शकतं, पण दर खेपेला विसरायला माणसाला आठवणीनं विसरावं लागतं. सायलीला ते कळत होतं, आणि तरी शनिवारी रात्री ती कणीक मळायला बसली की पीठ दुप्पट घ्यायची. कुंदन गोळा न्यायला यायचा आणि दहा मिनिटं रेंगाळायचा. मग अर्धा तास रेंगाळायला लागला. पलीकडून धोंडाबाई भेळ झाल्याची हाळी घालायची, तेव्हा कुठं त्याचे पाय उचलायचे.

भांडायला विषय ठरलेला. त्याचं म्हणणं, मासे धरणं हा घोळक्यानं करायचा उद्योग आहे; गळाला मासा लागला आणि शेजारी आरडाओरडा करायला कुणी नसलं तर त्यात काय राम? तिचं म्हणणं, जिथं आरडाओरडा तिथं मासा येईलच कशाला?

"पण एकट्यानं धरला तर दाखवायचा कुणाला?" तो हट्टानं विचारी.

"दाखवायचाच कशाला? मी सोडून देते."

हे मात्र त्याला पटेना. धरलेला मासा सोडून देणारं माणूस त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिनं सांगितलं, की त्यांच्याकडे वडिलांनी माळ घातली आहे, घरात मासळी चालत नाही. का घातली, कधी घातली, ते तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. नुसता तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिनं नजर पाण्याकडे वळवली, पण ती नजर पाण्यात फार वेळ टिकली नाही.

आखाड संपला, श्रावण लागला. आडगावच्या घरात मासे, मटण, अंडी सगळं बंद. सायलीनं स्वतःला बजावलं, चला, आता महिनाभर तरी शांतता. आणि शनिवारी रात्री कणीक मळताना पीठ मात्र दुप्पटच घेतलं!

रविवारी भुरभुर पाऊस होता. ती खडकावर बसली खरी, पण कान सगळे रस्त्याकडे. बऱ्याच वेळानं एका मोटारसायकलचा आवाज आला. कुंदन एकटाच होता. हातात गळ नाही, केस भिजून कपाळाला चिकटलेले.

"आत्यानं गळ माळ्यावर टाकले. आता पोळ्यापर्यंत नाव काढायचं नाय म्हणली."

"मग आलात कशाला?"

"तुम्ही एकट्या कशा बसता ते बघायला. मला तर दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी करमत नाय."

ती गालात हसली. तो खडकावर तिच्या शेजारी टेकणार, तोच तिच्या तोंडून पटकन निघालं, "तिथं नको... खाली बसा." तो निमूट खालच्या ओल्या दगडावर बसला. तिनं अट घातली, दोरीवरचा थर्माकोलचा तुकडा हलेपर्यंत बोलायचं नाही.

बिचाऱ्यानं खूप निभावलं. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा शिंक आली तीही हातात दाबली. पाण्यावर थेंबांची नक्षी उमटत होती, पुसत होती. तिनं हळूच खाली पाहिलं तर तो वर पाहत होता. दोघांनीही घाईनं मान फिरवली. सायलीला वाटलं, हा असाच बसून राहावा... आणि याच सुखात असताना तो हलक्या आवाजात बोलला.

"एक विचारू? तुम्ही नेहमी खडकाच्या कडेला बसता. एवढी मोठी जागा, अर्धी रिकामी. एकटं बसायची आवड असती तर मधोमध बसला असता. कुणाची जागा हाय ती?"

इतक्या वर्षांत हे कुणाच्या, अगदी सायलीच्याही लक्षात आलं नव्हतं.

"तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं."

"म्हणून तर हळू बोललो."

"घरी जा तुम्ही," ती म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्याहून कडक निघाला. "तुमची माणसं वाट बघत असतील. इथं कुणी कुणाची वाट बघत नाही."

तो दगडावरून उठला. मग वळून मोटारसायकलकडे गेला. मोटारसायकलचा आवाज विरल्यावर सायलीनं हट्टानं खडकाच्या मधोमध सरकून पाहिलं. पण तिथं तिला बसवेना, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ती जागा तिच्या वडिलांची होती. खंडेरावांनीच, म्हणजे तिच्या आप्पांनीच, तिला गळ बांधायला शिकवलं होतं. शाळेत असल्यापासून दर रविवारी बापलेक या खडकावर बसायचे, न बोलता. तिला शांतता आवडायची ती त्या सोबतीतली. मग आईचं मोठं ऑपरेशन झालं, आई खडखडीत बरी झाली आणि आप्पांनी माळ घातली. पहिल्याच रविवारी तिनं गळ काढले तर ते म्हणाले, "आता तू एकटी जा." ती गेली. जातच राहिली. मला एकटंच आवडतं, असं लोकांना सांगता सांगता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पुढच्या रविवारी कुंदन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याचा नंबर होता, पण फोन करून बोलायचं काय? पाण्यावर हवी तेवढी शांतता होती, आणि ती शांतता आता तिला खायला उठायची.

श्रावण अर्धा सरला होता. एका रविवारी पहाटे गणेशवाडीच्या फूलबाजारात सायली झेंडूचे क्रेट उतरवत होती, तर समोर धोंडाबाई. सोमवारच्या पूजेला फुलं घ्यायला आली होती. भावात घासाघीस न करता म्हातारी तिथंच टेकली तेव्हाच सायलीनं ओळखलं, की ही फुलांसाठी थांबलेली नाही.

"कुंदन लय गप झालाय बघ," ती म्हणाली. "आमच्या घरात गप बसनारा मानूस म्हंजे आजारीच. डाक्तरला दावला, त्याला काय सापडंना. मंग म्या म्हनलं, लगीन करून टाकू. कळवनची पोरगी सांगून आलीया. पोळा झाला की बघायला जायाचं."

एवढं बोलून तिनं फुलं पिशवीत भरली आणि सायलीचा चेहरा नीट पाहून घेतला. आतापर्यंत आडवळणानं चाललेली गोष्ट एकदम उघडी होऊन सायलीच्या पुढ्यात उभी राहिली. तिला कुंदन हवा होता. त्याची बडबड हवी होती, दाबलेली शिंक हवी होती, आणि पोळ्यापर्यंत ती अशीच गप्प राहिली तर यातलं काहीच तिचं उरणार नव्हतं.

त्या दिवशी ती धरणावर गेली नाही. संध्याकाळी आप्पा शेवंतीच्या वाफ्यात खुरपत होते. ती त्यांच्या शेजारी बसली, दोन-चार तणं उपटली आणि मग इतकी वर्षं घशात अडकलेलं बोलून टाकलं.

"आप्पा, माळ घातली तेव्हा मासे सोडलेत. मला का सोडलंत?"

खंडेरावांचं खुरपं थांबलं. त्यांना ते समजायलाच वेळ लागला.

"तुला कुठं सोडलं, बाई? म्या गळ सोडला. मी शेजारी बसलो तर तुझं मन खाईल, म्हनून एकटी जा म्हनलो. मला वाटलं, तू म्हनशील, आप्पा, चला नुसतं बसायला. तू कधी म्हनलीच नाय."

मनातलं बोलायचं नाही आणि वाट बघत बसायचं. हीच तर त्या घराण्याची खोड. शेवटी सायलीनं डोळे पुसले आणि त्या खडकावर कोण येऊन बसू पाहत होतं ते सांगितलं. कळवणच्या स्थळाचंही सांगितलं. आप्पांनी हाताची माती झटकली.

"मंग माझी जागा कशाला अडवून ठिवलीस? मला काय, बांधावर बसलो तरी चालतंय. तू त्याला इचार आधी. पुढचं बोलनं करायला मी येतो."

सोमवारी सकाळी फुलांची पाटी स्कूटीला बांधून सायली आडगावला पोहोचली. पूजेला आणखी थोडी फुलं द्यायला आले, असं सांगायचं. मग कुंदनला बाजूला घ्यायचं आणि चार शब्द बोलायचे, असा बेत. पण त्या घरात बाजू अशी नव्हतीच. ओसरीवर पाय ठेवताच माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी पाटी उतरवली, कुणी उपासाची खिचडी वाढून हातात दिली. कुंदन दारात येऊन उभा राहिला. तिनं डोळ्यांनी त्याला बाहेर खुणावलं. तो निघाला तशी सगळी मंडळीही काय झालं म्हणून निघाली. पडवीत तेच, विहिरीपाशी तेच.

शेवटी सायलीनं खिचडीची ताटली विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि एक मोठा श्वास घेतला. चार माणसांत तोंड न उघडणारी ती मुलगी दहा-अकरा जणांच्या घोळक्यात उभी राहून बोलायला लागली.

"कुंदन, त्या दिवशी तू विचारलंस, ती जागा कुणाची. आप्पांची होती. ते येत नाहीत म्हणून मी रुसले होते, आणि एकटीच राहायला शिकले. मला अजूनही गप्प बसायला आवडतं. पण..." तिनं घोळक्यातून कुंदनकडे पाहिलं. "शेजारी तू असलास तर. तू मला आवडतोस. कळवणला जाऊ नको."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. त्या घरात बहुधा पहिल्यांदाच कुणी काही बोलेना. कुंदनचा चेहरा असा झाला होता, की हसावं का रडावं हे त्यालाच ठरवता येत नसावं. इतकी वर्षं अखंड चाललेली त्याची जीभ नेमकी आज टाळ्याला चिकटली.

घसा खाकरला तो धोंडाबाईनं. "पोरी, तू बोललीस ते झ्याक बोललीस. पन त्याच्यामागं आमी हाओत. एवढी समदी. आमी घरी बसनार नाय. ते चालंल का तुला?"

सायलीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"दुपारनंतर चालेल," ती म्हणाली. "भेळ घेऊन या. सकाळ तेवढी माझी."

एकच हशा उठला. त्या गलक्यात कुंदन तिच्याजवळ आला आणि त्याला कसाबसा आवाज फुटला.

"आणि मी... सकाळी का दुपारी?"

"तू सकाळपासून," सायली म्हणाली. "पण बोलायचं नाही."

कुंदननं तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसती मान हलवली.