ज्याला दुखलं तो

पडद्यावरची लाल रेष एकदम वर चढली आणि चाळीस मिनिटे वरच राहिली. डॉ. सुवार्ता पाटोळेने तीच नोंद तिसऱ्यांदा सुरू केली आणि डॉ. हर्डीकरांना खुर्ची दिली.

"कुणाचं आहे हे?" हर्डीकरांनी विचारले. आश्रयनगरच्या मिशन रुग्णालयात अकरा वर्षे ते शस्त्रक्रिया करीत होते आणि सुवार्ता त्यांच्या रुग्णांना भूल देत होती.

"काल तुम्ही पित्ताशय काढलंत त्या बाईंचं. चाचणीसाठी लावलेला वेदनालेखक त्यांच्या डोक्यावरून काढायचा राहून गेला."

वेदनालेखक हे सुवार्ताचेच यंत्र. तान्ही मुले, वाचा गेलेली माणसे, अशा ज्यांना दुखते पण सांगता येत नाही, त्यांच्या मेंदूतल्या वेदनेच्या लहरी टिपायला तिने ते सहा वर्षे खपून बनवले होते. बोलत्या माणसांवर ते शेकडो वेळा पारखले होते. माणूस सांगे तितकेच यंत्र दाखवी.

"पण ती तर निद्रालखाली होती," हर्डीकर म्हणाले.

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं, सर."

भुलीचे जुने वायू वातावरण बिघडवतात म्हणून जगभर बंद झाले, त्यानंतर निद्राल आले होते. शिरेतून द्यायचे, स्वस्त, हृदयाला धक्का नाही. टेबलावर रुग्ण दगावणे जवळजवळ थांबले होते.

"आपण समजत होतो की निद्राल मेंदूला झोपवतं," सुवार्ता म्हणाली. "ते झोपवत नाही. स्नायू सैल पाडतं, म्हणून रुग्ण हलत नाही. नाडी आणि रक्तदाब धरून ठेवतं, म्हणून आपल्याला काही कळत नाही. आणि आठवण तयार होऊ देत नाही, म्हणून शुद्धीवर आल्यावर त्यालाही कळत नाही. मधल्या वेळात तो जागा असतो, सर. सगळं सोसत असतो."

हर्डीकर चष्मा काढून म्हणाले, "सकाळी ती चहा पीत बसली होती. मला म्हणाली, डॉक्टर, काही कळलंसुद्धा नाही."

"मलाही तेच म्हणाल्या."

"मग? ज्या दुखण्याची आठवणच नाही, ते दुखणं कुणाचं?"

"चाळीस मिनिटं ते त्यांचंच होतं."

"आणि निद्राल थांबवलंस तर? टोचायच्या जुन्या भुलीच्या किती कुप्या आहेत आपल्याकडे?"

"सात."

"महिन्याला दोनशे माणसं येतात. सात जणांना भूल द्यायची आणि बाकीच्यांना मरायला घरी धाडायचं?"

सुवार्ताने आणखी काही रुग्णांच्या नोंदी घेतल्या आणि सगळ्या औषध समितीकडे पाठवल्या. समितीने रुग्णांना विचारले. झाडून सगळ्यांनी समाधान कळवले. 'यंत्राची रेष म्हणजे साक्ष नव्हे,' असे उत्तर आले. 'वेदना झाल्याचे सांगणारा एक तरी रुग्ण हवा.'

पुढचे सात आठवडे सुवार्ता निद्राल देत राहिली. पूर्वी ऑपरेशन चालू असताना ती हलक्या आवाजात सिस्टरांशी गप्पा मारायची. आता तोंडातून शब्द फुटत नसे. टेबलावरचा माणूस ऐकतो आहे, हे तिला ठाऊक होते. वेदनालेखक मात्र तिने कपाटात ठेवून दिला. रेष दिसली नाही म्हणून ती चढायची थांबत नव्हती, हेही तिला ठाऊक होते.

तिचे वडील रेव्हरंड शीलानंद पाटोळे निवृत्त पाळक. चाळीस वर्षे त्यांनी संडे स्कूलच्या पोरांना एक गोष्ट बजावून सांगितली होती. देव नुसती चूक पाहत नाही, ती करताना तुम्हाला काय ठाऊक होते ते पाहतो. अजाणत्याला तो सांभाळून घेईल; जाणत्याचा हिशेब कडक असतो. सुवार्ता त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची.

त्यांच्या आतड्यात गाठ निघाली आणि ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा तिने त्यांना सगळे सांगून टाकले.

"तुमच्यासाठी मी जुनी भूल राखून ठेवलीय, पप्पा."

"आणि माझ्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला?"

"निद्राल."

"समितीला रुग्ण हवाय ना? मग मलाही निद्रालच दे," ते म्हणाले. "तू म्हणतेस की त्यानं स्नायू सैल पडतात. एक हात मोकळा ठेवता येईल का?"

येत होता. निद्राल द्यायच्या आधी दंडाला घट्ट पट्टा आवळला, तर ते त्या हातात उतरत नाही. थोडा वेळ तेवढा हात रुग्णाच्या ताब्यात राहतो.

"मग मी हातानं बोलेन."

"मी तुमच्या मुठीत दाबमापक गोळा देते. प्रत्येक दाबाची नोंद होईल."

"गोळा नको. तुझा हात दे." ते हसले. "मी काही शूर नाही, बाळा. दुखतंय असं मी सांगितलं की लगेच जुनी भूल देशील?"

"लगेच. शब्द देते."

ऑपरेशनच्या दिवशी तिने वेदनालेखक पुन्हा बाहेर काढला आणि टेबलासमोर कॅमेरा लावला. पट्टा आवळला, निद्राल दिले आणि त्यांच्या कानाशी वाकली. हर्डीकरांनी पहिला छेद घेतला. लाल रेष वर गेली.

"पप्पा, ऐकू येतंय? येत असेल तर एकदा दाबा."

त्यांनी हात दाबला.

"दुखत असेल तर दोनदा."

त्यांनी दोनदा दाबला. दुसऱ्यांदा इतका जोरात, की तिची बोटे एकमेकांवर चढली. हर्डीकरांचा हात थबकला.

जुन्या भुलीची सुई तयार होती. सुवार्ताने ती उचलली आणि परत ठेवली. दोन दाब म्हणजे स्नायूंचा झटका, असे समिती म्हणेल. मग पप्पांनी एवढे सोसले ते वाया जाईल.

"चालू ठेवा, सर," ती म्हणाली. "पप्पा, तुम्ही भावंडं किती?"

त्यांनी मोजून सहा वेळा हात दाबला. तिने आणखी विचारले. आई गेली ते वर्ष, त्यातला शेवटचा आकडा. प्रत्येक उत्तर बरोबर आले. मग प्रश्न नसतानाही ते हात दाबू लागले, न थांबता, न मोजता. तिला त्याचा अर्थ कळत होता. हर्डीकर गाठीपर्यंत पोचेपर्यंत तिने रेष चालू दिली आणि मग सुई टोचली. घड्याळात नऊ मिनिटे झाली होती.

संध्याकाळी रेव्हरंड पाटोळे शुद्धीवर आले. "झालं?" त्यांनी विचारले. "मला तर छान झोप लागली होती."

आठवड्याने रेव्हरंडांच्या खोलीतल्या पडद्यावर समितीची बैठक भरली. सुवार्ताने नोंदी आणि चित्रफीत दाखवली. अध्यक्षबाईंनी ती दोनदा पाहिली.

"इथे दोन हात एकमेकांत गुंतलेले दिसतात, डॉक्टर. कोण कुणाचा हात दाबतंय, हे कसं ठरवायचं?"

सुवार्ताने हर्डीकरांकडे पाहिले.

"माझं लक्ष आतड्याकडे होतं," हर्डीकर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"रेव्हरंड, तुम्ही सांगा. तुम्हाला वेदना झाल्या?"

खाटेवर उशीला टेकून बसलेले रेव्हरंड पाटोळे मुलीकडे पाहत राहिले. एका शब्दाने काम झाले असते. त्या एका शब्दासाठीच ते टेबलावर गेले होते.

"माझ्या मुलीवर माझा विश्वास आहे," ते शेवटी म्हणाले. "पण तुम्ही माझी साक्ष विचारताय. मला काहीही आठवत नाही. मला दुखलं, असं मी म्हणालो तर ते खोटं होईल."

"सगळं आधी माहीत असूनही यांना काही जाणवलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुढचा रुग्णही हेच सांगेल, डॉक्टर. प्रकरण आम्ही मिटवतो आहोत."

पडदा काळा झाला. हर्डीकर निघून गेले. खोलीत बाप-लेक दोघेच उरली.

"पप्पा, मी तुम्हाला शब्द दिला होता," सुवार्ता म्हणाली. ती बोलली नसती तर ते त्यांना कधीच कळले नसते. "तो मी पाळला नाही. नऊ मिनिटं चालू ठेवलं. तुम्ही थांब म्हणत होता. मला कळत होतं."

"मी थांब म्हणत होतो?"

"सारखं. हात सोडतच नव्हता."

त्यांनी आपला उजवा हात चादरीवर पसरला आणि परका असल्यासारखा न्याहाळला. दंडावर पट्ट्याचा निळा वळ अजून होता.

"मला क्षमा करा, पप्पा."

चाळीस वर्षांत त्यांनी क्षमा मागायला आलेल्या कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवले नव्हते. तिला वाटले, आता ते डोक्यावर हात ठेवतील.

"मी केली असती गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार थकलेला होता. "पण माझं काय दुखलं म्हणून करू? मी तर झोपलो होतो. ज्याला दुखलं, तो फक्त नऊ मिनिटं होता. क्षमा त्यानं करायची. आणि त्याला तुझ्याशिवाय कुणीच ओळखत नाही."