पोर्टवाली आणि थंडोबा

वर्षअखेर नोकरी पक्की झाली की तिला तीन गोष्टी मिळणार होत्या: हक्काची रजा, खिडकीजवळचं टेबल आणि "अजून कच्चीच का गं?" असं विचारणाऱ्या मावशीपासून सुटका. गमावण्यासारखं तर काहीच नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

रुग्णालयाच्या नेटवर्क विभागात ती पोर्टांची यादी सांभाळायची. पोर्ट म्हणजे संगणकात शिरायचं दार. कितव्या दारातून कुठलं यंत्र, कुठल्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या भाषेत, बोलतं, हे सगळं त्या यादीत. ज्याचं यंत्र, त्याने दरवर्षी "हो, लागतं" असं मेलवर कळवायचं. नाही कळवलं, तर नोंद रद्द, दार बंद.

पहिल्याच वर्षी रक्तपेढीची शीतकपाटं सांभाळणारा तंत्रज्ञ जिन्यात तिच्यावर आदळता आदळता राहिला.

"पोर्टवाल्या बाई कुठे बसतात हो?"

"समोर उभ्या आहेत. मेलला उत्तर का नाही दिलंत?"

"दिलं असतं तर... हा जिना चढलो असतो का?"

तेव्हापासून हा थंडोबा (नाव तिनंच ठेवलेलं) एकाही मेलला उत्तर देईना. मग तिचा फोन जायचा.

"दार नंबर सत्तेचाळीसशे बारा. लागतं का?"

"आवाज बसलाय तुमचा. भिजलात?"

"नोंदीचं बोला!"

"लागतं हो... फार लागतं."

यंदा नवे साहेब आले. "फोनबिन बंद. तीन मेल, मग काट. लोकांच्या मागे किती धावायचं?"

तिसरा मेल गेला. उत्तर नाही. तिने रिसीव्हर उचलला. काचेपलीकडून साहेब बघत होते. कच्च्या नोकरीचं माणूस, हात आपोआप खाली आला. तिने नोंद काढून टाकली.

दोनच दिवसांत एक शीतकपाट बिघडलं. त्याचा इशारा ज्या दारातून यायचा, ते बंद. थंडोबाने सवयीने कपाटाला हात लावला, ते कोमट लागलं आणि तो दचकलाच. कळल्यावर ती धावत खाली पोचली, तेव्हा तो रक्ताच्या शेवटच्या पिशव्या दुसऱ्या कपाटात ठेवत होता.

"वाचल्या?"

"वाचल्या." त्याने वर पाहिलं नाही. "फोन नाही आला तुमचा."

चौकशीत साहेब गरजले, "तीन मेल! एकाचंही उत्तर का नाही?"

थंडोबाचे कान लाल झाले. "उत्तर दिलं की... यांचा फोन येत नाही, साहेब. चूक माझी. लिहून घ्या."

आता ती नुसती गप्प बसली असती, तरी नोकरी पक्की होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "हे उत्तर देत नाहीत. का देत नाहीत, तेही. फोन करायला हवा होता. मी घाबरले."

"का देत नाही, तेही?" थंडोबा चौकशीच विसरला.

"पहिल्या वर्षापासून! मूर्ख समजलात का मला?"

हिशेब झाला तो असा: त्याला मेमो मिळाला, तिची नोकरी आणखी वर्षभर कच्ची राहिली, आणि फोन बंद करणाऱ्या साहेबांना काहीच भरावं लागलं नाही. मात्र बाहेर पडल्यावर त्याने चाचरत तिचा हात धरला, तेव्हा तिला वाटलं, जन्मात इतकं महाग काही घेतलं नव्हतं... आणि परत करायची तिची मुळीच तयारी नव्हती.