सतरा नंबरच्या गाडीचा सेन्सर

माझी मावसबहीण विभावरीताई खोटं बोलत नाही. लहानपणी कप फुटला, तरी "मी फोडला" असं स्वतःहून सांगायला यायची. म्हणून ही गोष्ट मी खरी मानतो.

नोव्हेंबर २००७. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गबाहेरचा एक गोल्फ क्लब. नाव सांगत नाही.

दुपारचे साडेतीन. पण धुकं इतकं दाट, की वर्कशॉपच्या दारापलीकडचं काही दिसत नव्हतं.

ताई तेव्हा रेगेन्सबर्गला मास्टर्स करत होती. आठवड्यातून दोन दिवस क्लबच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करायची. त्या दिवशी सतरा नंबरच्या गाडीचा स्पीड सेन्सर बदलायचा होता. मोटरच्या टोकाला बसणारा छोटासा तुकडा. वेग किती आहे ते तो गाडीला कळवतो. तो बिघडला, की उतारावर मोटर गाडीला आवरत नाही.

महिन्याभरातला हा चौथा. आधीच्या तिन्हींच्या वायरी तुटल्या होत्या.

कापलेल्या नाहीत... ओढून तोडलेल्या.

"तूच तोडतेस," वर्कशॉपचा प्रमुख ब्रांडल म्हणाला. "हाही गेला, तर तुझ्या प्रोफेसरना पत्र जाईल. गेनाऊ, अगदी हेच लिहीन."

तो ऑफिसात गेला. दार आपटलं.

ताईने गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली. किल्ली काढली. बॅटरीची केबल सोडवली. तीन स्क्रू काढून जुना सेन्सर हातात घेतला.

तेवढ्यात...

डावं चाक फिरायला लागलं.

हळू. आवाज न करता. उलटं.

तिने हाताने ते धरलं. चाक थांबलं... आणि पलीकडून कुणीतरी जोर लावावा, तसं तिच्या तळव्यावर रेटू लागलं.

तिने हात मागे घेतला. चाक स्थिर.

दुसरं कुणी पळालं असतं. ताई चिडली. तिचं नाव पणाला लागलं होतं. तिने नवा सेन्सर बसवला, स्क्रू आवळले, प्लग लावला.

बझर वाजला.

उभी गाडी आपोआप घरंगळायला लागली, की वाजतो तो. मागची चाकं तर हवेत होती. केबल सुटून लोंबत होती.

"हेर ब्रांडल!"

तो तणतणत आला आणि दारातच थिजला. तो चाकाकडे बघत नव्हता.

ड्रायव्हरची सीट... हळूहळू खाली दबत होती.

"नाइन, नाही, लुडविग," तो पुटपुटला. मग ओरडलाच, "मी तुला सांगितलं होतं, ही गाडी उतारावर नेऊ नकोस!"

टच्च.

ताईच्या डोळ्यांदेखत नव्या सेन्सरची एक वायर तुटली.

टच्च. दुसरी.

"बरं, बरं!" ब्रांडल रडायला लागला. "मीच तुला उतारावर पाठवलं. सेन्सर गेलाय हे माहीत असून पाठवलं."

बझर थांबला.

ताईला वाटलं, संपलं.

मग... शेजारची सीटही दबली.

ते पाहून ब्रांडल धुक्यात पळत सुटला. त्याच्या मोटारीचा आवाज लांब गेला. तो कामावर परत आलाच नाही.

ताई कशीबशी कँटीनमध्ये पोचली. तिथल्या म्हाताऱ्या बाईने तिला पाणी दिलं आणि सांगितलं. लुडविग म्हणजे तुझ्या आधीचा मेकॅनिक. दोन वर्षांपूर्वी हीच गाडी उतारावर सुटली, तळ्यात गेली. तो बुडाला.

"गाडीत एकटाच होता?" ताईने विचारलं.

बाईचे भांडी पुसणारे हात थांबले.

"पोलिसांना तसंच सांगितलंय," ती म्हणाली.

कुणी सांगितलं, ते ती बोलली नाही. ताईनेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने काम सोडलं.

आता ती न्युरेम्बर्गला असते. परवा फोनवर म्हणाली, "दुसऱ्या सीटवर कोण होतं, ते तेव्हा विचारायला हवं होतं रे..."