खुंट्या कोण उपटतं?

"आजही दोन गेल्या!" जगदेव धापा टाकत आला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पंचफुला वाशीमहून मामाकडे आली, तेव्हा मामाचं गाव जागेवर नव्हतंच! होळीनंतरच्या आगीत ते जळलं होतं. माणसं शेतातल्या झोपड्यांत राहत होती. पलीकडच्या काळ्याभोर पडीक रानात नवं गाव वसणार होतं. ओव्हरशियर साहेबांनी घरांच्या सरळ रांगा आखून खुंट्या ठोकल्या होत्या. पण रोज दुपारी त्यातल्या एकदोन गायब होत!

"भूत असंल," शेजारच्या बंजारा तांड्यावरचा हेमला म्हणाला.

"भुताले लाकडं कायले लागतात?" मामेभाऊ जगदेव हसला.

"चला, पाहूच!" पंचफुला म्हणाली.

तिघं निंबाच्या झाडावर चढून बसले. खाली सारं रान झोपलं होतं. होला घुमत होता. मृगजळात खुंट्या तरंगत होत्या, आणि पंचफुलेला वाटलं, त्यांच्यावर घरंही उगवली आहेत, पाण्यावर डोलणारी, निळसर. तिच्या पापण्या जडावल्या. इतक्यात त्या पाण्यावरून डोक्यावर घागर घेतलेली एक बाई चालत आली. वाकली. खुंटी उपटून पदरात लपवली!

"अबे, हे तं माही माय!" जगदेव फांदीवरून पडतापडता राहिला.

तिघं सरसर उतरले.

"मामी, तू? अन् मामा तं गावचा पाटील!"

चतुराबाई मामी आधी दचकली, मग खाली बसली. "काय करू पोरी? हे रांग बांधली का इहिरीची वाट बुजली. भरली घागर घेऊन बायाईले काटेरी नाल्यातून फिरा लागंन."

"मंग आखणीच्या सभेत काहून नाई सांगतलं?" पंचफुलेनं विचारलं.

"सभा साहेबाच्या रावटीत. तिथं बायाईले कोन बसू देते?"

"आमच्या तांड्यात तं दवंडीच नाई आली!" हेमला म्हणाला. "वाट तं आमचीबी हेच हाय."

"अन् उद्या गवंडी येऊन राह्यले," चतुराबाई पुटपुटली.

पंचफुला जळक्या गावाकडे बघत राहिली. तिथं राखेचे ढीग पडले होते. एकदम तिनं टाळी वाजवली. "मामी, फाटकी गाठोडी आन! जेवढी असतील तेवढी!"

मग काय पळापळ झाली! हेमला तांड्याकडे, जगदेव झोपड्यांकडे. ऊन कललं तशा बाया पाण्याला निघाल्या. प्रत्येकीच्या कमरेला राखेचं फाटकं गाठोडं. जी ती आपल्या नव्या घराच्या जागेवरून विहिरीकडे चालली. हेमलाची आई गोमतीबाई तांड्याहून आली, गुराखी गुरं बसायच्या गोठणाकडून आले. मागे राख सांडत राहिली.

साहेब रावटीतून डोळे चोळत बाहेर आले. पंचफुला धावली. "साहेब, खुंट्यांचा चोर पाह्याचा? निंबावर चला!"

साहेब चढले. मागोमाग रामराव मामाही. दोघांनी खाली पाहिलं. काळ्या मातीवर पांढऱ्या वाटांचं जाळं पसरलं होतं, एखाद्या मोठ्या पानाच्या शिरांसारखं. आणि सगळ्या शिरा त्या एका सरळ रांगेला ओलांडून विहिरीला मिळत होत्या!

"हाच तुमचा चोर!" पंचफुला म्हणाली. "लोकायची रोजची वाट!"

"खुंट्या म्या उपटल्या," खालून चतुराबाई म्हणाली.

रामराव खाली उतरले. त्यांची मान झुकली होती. साहेबांनी आपला नकाशा गुंडाळला. "गवंड्यांना थांबवा. उद्या सभा विहिरीपाशी घ्या. सगळ्यांची."

सभेत काही कमी भांडण झालं नाही! "माह्याच घरातून सारं गाव चालंन काय?" म्हणून, ज्यांच्या जागेतून वाट जात होती ते बबनराव लालबुंद झाले. शेवटी त्यांना कोपऱ्याची मोठी जागा मिळाली, तेव्हा ते विझले. विहिरीच्या वाटा मोकळ्या सोडायचं आणि तांड्याची वाट रुंद ठेवायचं ठरलं.

"आमी नकाशा कागदावर पाह्यला," रामराव सगळ्यांसमोर म्हणाले, "या पोराईनं जमिनीवर दाखवला. शाबास रे!" मग ते बायकोकडे वळले. "चतुरा, आनखी काही सांगाचं हाय?"

चतुराबाईनं पदर खोचला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "हाय तं! बसा. लय हाय."